अनुभव धागा: दिव्यांग व्यक्तीसाठी मदत नेमकी कोणत्या टेबलावर मिळते?

योजनांची यादी कुठेही मिळते. कोणत्या वारी जायचं, सोबत काय न्यायचं आणि फाइल कुठे अडते, हे मात्र त्या वाटेवर रोज असणाऱ्यांनाच ठाऊक असतं. इथे तेवढंच लिहा. घरच्या हकिगती नकोत, थेट कामाचं बोला.

प्रमाणपत्रांसाठी मदत करणारा कार्यकर्ता

आधी युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं केंद्र सरकारचं ओळखपत्र. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र स्वावलंबन पोर्टलवरूनच निघतं. अर्ज न भरता माणसाला रिक्षात घालून जिल्हा रुग्णालयात नेलं, तर हेलपाटा ठरलेला.

अर्जात दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली नावाची. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, जन्मदाखल्यावर नाही. आधी आधार नीट करून घ्या. कार्ड निघाल्यावर दुरुस्ती काढायची तर पुन्हा सगळ्या रांगा.

दुसरी चूक जास्त महागात पडते, ती प्रकाराची. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण सायबर कॅफेतला पोरगा 'अस्थिव्यंग' निवडून मोकळा होतो. सेरेब्रल पाल्सीचं मूल त्यात गेलं की तपासणी हातापायांपुरतीच होते. शिवाय नॅशनल ट्रस्टचा १९९९चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांना लागू आहे. कार्डावर 'अस्थिव्यंग' छापलं गेलं तर निरामय हा आरोग्य विमा आणि पुढचं कायदेशीर पालकत्व दोन्ही अडतात. त्यामुळे अर्ज पाठवायच्या आधी ती एक ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

तपासणी करणारं वैद्यकीय मंडळ रोज बसत नाही. हाडांचे डॉक्टर एका वारी, कान-नाक-घसा दुसऱ्या वारी, मानसोपचारतज्ज्ञ तिसऱ्या. वार प्रत्येक जिल्ह्यात वेगळे, म्हणून आदल्या दिवशी फोन करा. अर्जाची पावती, मूळ आधार आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. कार्ड ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक लाभ ४० पासून सुरू होतात. मुलांचं प्रमाणपत्र बऱ्याचदा तात्पुरतं असतं. मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण ती उलटली की चालू असलेलं अनुदानही थांबू शकतं.

श्रवणतज्ज्ञ

लहान मुलाच्या कानाच्या तपासणीबद्दल एवढंच सांगते. बेरा चाचणीला मूल गाढ झोपलेलं लागतं. डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून कानात टकटक आवाज सोडतात आणि मज्जासंस्थेचा प्रतिसाद मोजतात. मूल हललं की स्नायूंच्या लहरी मधे येतात आणि आलेख वाचता येत नाही. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि प्रवासात झोपू देऊ नका. हे शेवटचं कुणीच सांगत नाही, आणि पोर एसटीतच झोप काढून ताजंतवानं होऊन दारात उभं! डोक्याला तेलही नको, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. झोपेचं औषध देणार असतील तर किती तास उपाशी ठेवायचं, ते आधीच विचारून घ्या.

जिल्हा रुग्णालयाच्या आवारात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. लोक त्याला डीईआयसीच म्हणतात. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे मोफत होते. अंगणवाडीत मुलं तपासायला येणाऱ्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाकडून संदर्भ चिठ्ठी घेतली तर काम सोपं होतं. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण दोषांवर काम करणारी संस्था जवळ आहे.

विशेष शिक्षिका, गटसाधन केंद्र

शाळेचं काम मुख्याध्यापकांपाशी अडलं तर पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात या. समावेशित शिक्षणाचा विषयतज्ज्ञ कोण, एवढंच विचारा. तीव्र दिव्यांगत्वामुळे शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलासाठी गृहाधारित शिक्षण, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, लेखनिक ही सगळी कामं याच टेबलावरून सरकतात. मुलाचं नाव यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत दिव्यांग म्हणून नोंदलेलं नसेल, तर भत्त्याच्या यादीत ते येतच नाही. वर्गशिक्षकांकडून ती नोंद उघडून दाखवून घ्या.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र ८ वर्षांच्या आधी मिळत नाही. १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. तो नववीतच तयार ठेवा. डिसेंबरात धावणाऱ्यांचं काय होतं, ते दरवर्षी दिसतं.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट

एडीप ही व्हीलचेअरसारखी साधनं देणारी केंद्राची योजना. तिच्या शिबिरात दोन टप्पे असतात. आधी मोजमाप, मग काही महिन्यांनी वाटप. त्यामुळे मोजमापाच्या दिवशी माणूस स्वतः हजर हवा, कागद पाठवून भागत नाही. युडीआयडी आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. तेच साधन पुन्हा साधारण तीन वर्षांनी मिळतं, १२ वर्षांखालच्या मुलांना एका वर्षाने. म्हणून चुकीचं साधन सही करून घेऊ नका.

व्हीलचेअरसाठी घरून मापं काढून न्या. बसलेल्या स्थितीत नितंबांची रुंदी अधिक सुमारे ५ सेंटीमीटर, ही बैठकीची रुंदी. पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतच्या अंतरातून ५ सेंटीमीटर वजा, ही खोली. नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्यांची १८ इंची खुर्ची दिली की ते एका कुशीवर कलतं आणि काही महिन्यांत पाठीचा कणा त्याच बाजूला वळायला लागतो. बैठक जास्त खोल असेल तर कडा खळगीत रुततात, मूल पुढे घसरतं आणि घरचे त्याला ओढणीने बांधतात. बांधू नका, बैठक बदला. त्वचेला संवेदना नसलेल्यांसाठी नुसती रेक्झिनची बैठक धोक्याची, वर चांगली उशी हवीच. मुंबईत हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि विदर्भात नागपूरचं सीआरसी (दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारी प्रादेशिक केंद्र), इथे मापाप्रमाणे साधनं करण्याबद्दल विचारता येतं.

पालक संघटनेचे काम पाहणारा

मूल १८ चं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत हे पहिल्यांदा कळतं. नॅशनल ट्रस्ट कायद्यातल्या चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा, कोर्टात जायची गरज नाही. बँकेने कोर्टाचा आदेश मागितला तर या समितीचं प्रमाणपत्र खात्यासाठी ग्राह्य धरण्याची रिझर्व्ह बँकेची सूचना दाखवा. समितीची बैठक कधी लागेल याचा भरवसा नसतो, म्हणून अठरावा वाढदिवस होताच अर्ज टाका आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पालक म्हणून नेमणूक झाल्यावर ६ महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब. हे बहुतेकजण विसरतात. मानसिक आजार नॅशनल ट्रस्ट कायद्यात येत नाही. त्यासाठी २०१६च्या कायद्यातल्या मर्यादित पालकत्वाची वाट आहे.

निरामयमध्ये वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपी आणि बाह्यरुग्ण उपचारही त्यात येतात, पण प्रत्येक बाबीची वेगळी मर्यादा आहे. बिलं मूळच लागतात. नूतनीकरण दरवर्षी.

आणखी एक, केंद्र सरकारी नोकरांसाठी. दिव्यांग अपत्याला अटींवर आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. पेन्शनर हयात असतानाच त्याचं नाव पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, चढवून घ्या. मागाहून भावंडांना ते सिद्ध करत बसावं लागतं.

माजी ग्रामसेवक

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पैसे मार्चअखेर घाईघाईत एकाच छापाच्या वस्तूंवर उडतात. गरज लेखी द्या, ऑक्टोबरच्या आत, आराखडा बनण्याआधी. निराधार अनुदानाचा अर्ज मात्र तहसीलच्या संजय गांधी शाखेत, ग्रामपंचायतीत नाही.

रेल्वेबद्दल थोडक्यात

एसटीत ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेचं तसं नाही. नुसतं युडीआयडी दाखवून भागत नाही. रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरकडून भरून घेऊन सवलतीचं ओळखपत्र काढावं लागतं. अस्थिव्यंगाच्या बाबतीत सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही, हे त्यात स्पष्ट नसेल तर अर्ज परत येतो. डॉक्टरांसमोरच वाचून घ्या.