अनुभव धागा: एका सेमिस्टरपुरतं परदेशी

धाकटीच्या कॉलेजात एक्स्चेंजची नोटीस लागली आहे. पाचवी सेमिस्टर युरोपात, फी इथलीच भरायची, तिकडची माफ. माहितीसत्राला गेलो तर पडद्यावर नुसती बर्फातली हसरी मुलं. पुण्याहून असं जाऊन आलेले किंवा तिकडून आलेल्यांना घरी ठेवलेले इथे बरेच असतील. बर्फ सोडून बाकीचं लिहा. पूर्ण डिग्रीसाठी गेलेल्यांनी थोडं थांबा, तो विषय वेगळा.

मेकॅनिकलवाला, रहाटणी

जर्मनी, हिवाळी सेमिस्टर. आधी कॅलेंडर बघा. आपली सहावी सेमिस्टर जानेवारीत सुरू होते. तिकडचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, मग परीक्षा. मी तिथे पेपर देत होतो तेव्हा इथे माझी अटेंडन्स शून्य. एचओडींनी सांभाळून घेतलं, पण सगळं तोंडी. तुम्ही लेखी घ्या.

दुसरं, क्रेडिट. युरोपात सेमिस्टरला 30 ईसीटीएस, म्हणजे तिकडची क्रेडिटं, धरतात. तिकडचा कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी चालेल, ते लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर सही-शिक्क्यानिशी आधी ठरतं. तिकडे गेल्यावर टाइमटेबल जुळत नाही म्हणून विषय बदलावा लागतोच. तेव्हा तो कागदही त्याच आठवड्यात बदलून इकडून मंजूर करून घ्या. बरोबरच्या एका मुलाचा एक विषय यातच अडकला आणि परत येऊन त्याला इथला पेपर द्यावा लागला.

मार्कांचं तर विचारूच नका. तिकडे 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 म्हणजे नापास. मला 1.7 मिळाले, तर सोसायटीतल्या काकू आईला धीर द्यायला आल्या.

एक आई, सहकारनगर

फी माफ, पण खोली, विमा, विमानाचं तिकीट आपलंच. शिवाय जर्मन व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागलं. 2024 च्या आकड्याने महिना 992 युरो, वर्षाचे 11,904. पैसे बुडत नाहीत, मुलाला दरमहा तेवढेच काढता येतात. पण ते एकरकमी उभे करायला आम्ही एफडी मोडली, आणि हे माहितीसत्रात कोणी बोललं नव्हतं.

रानडेची जपानीवाली

मी जपानात ओकायामाला होते. सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे उद्यानाची बाग ज्या कोराकुएन बागेवरून केली, ते तिथे चालत जाण्याच्या अंतरावर. हे खरं कोराकुएन 1700 साली पूर्ण झालेलं आणि एवढं मोठं की आपली आख्खी बाग त्यात मावावी.

कामाचं सांगते. पोचल्यावर 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. राष्ट्रीय आरोग्य विमा तिथेच होतो, मग दवाखान्याचं 30 टक्के बिल आपण भरायचं. सेकंडहँड सायकल घेतलीत तर आपल्या नावावर नोंदवून घ्या. मला रात्री पोलिसांनी थांबवून नंबर तपासला. पुण्यात जन्म गेला, सायकलचे कागद कोणी मागितले नव्हते!

पार्टटाइम कामाची परवानगी वेगळी काढावी लागते, आठवड्याला 28 तास. भाषा येत नसेल तर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, असं माझं मत.

प्रभात रोडचे आजोबा

आम्ही उलट बाजूचे. सेमिस्टरभर एक फ्रेंच मुलगी आमच्याकडे राहिली. घरी परदेशी माणूस उतरला की तेव्हा यजमानाने 24 तासांत ऑनलाइन सी फॉर्म भरायचा असे. व्हिसा 180 दिवसांवरचा असेल तर पाहुण्यालाही 14 दिवसांत नोंदणी करावी लागते. तिच्या पुण्यातल्या कॉलेजने यातलं अवाक्षर काढलं नाही, आम्हीच शोधून काढलं. मुलगी गुणी. फक्त रविवारी जेवायला कोण येणार हे सोमवारीच विचारायची, आणि आमच्याकडे ते रविवारी दुपारीसुद्धा ठरलेलं नसतं.

न गेलेली, कर्वेनगर

माझी निवड झाली होती. मी नाव मागे घेतलं. आमच्याकडे कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अट असते, एकही बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको. तिकडचा निकाल यायला उशीर झाला की तोवर इथल्या मार्कलिस्टवर ते विषय रिकामे दिसतात, आणि प्लेसमेंट सेलला रिकामं म्हणजे बॅकलॉगच. माझ्या जागी वेटिंगवरची मैत्रीण गेली. तिने तिकडच्या विद्यापीठाकडून तात्पुरतं निकालपत्र आणून सेलच्या टेबलावर ठेवलं. आता ती माझ्याच कंपनीत, माझ्या शेजारच्या डेस्कवर बसते आणि टीम लंचला स्पेनच्या गोष्टी सांगते.