कानातलं बूच: 'नॉइज आयसोलेटिंग'ला मराठीत काय म्हणावं?

पुतण्यासाठी इअरफोन घ्यायला म्हापशाच्या बाजारात गेले होते. खोक्यावर 'नॉइज आयसोलेटिंग' छापलेलं. सासूबाईंना मराठीत सांगताना तोंडात आलं 'ध्वनिरोधक', आणि माझं मलाच हसू आलं. ध्वनीच अडवणारा इअरफोन घेऊन करायचं काय! 'गोंगाटरोधक' चालेल का? आणि 'नॉइज कॅन्सलिंग' म्हणजे तेच ना?

— तेच नव्हे. आयसोलेटिंगमध्ये काही यंत्रबिंत्र नसतं. रबरी नाहीतर फोमच्या टोकानं कानाची नळी बंद होते, झालं. म्हणजे आपलं कानात बोळे घालणंच, फक्त बोळ्यातून गाणं वाजतं. कॅन्सलिंगमध्ये मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलट लहर कानात सोडली जाते. त्याला बॅटरी लागते. म्हणून पहिला 'रोधक', दुसरा 'शामक' म्हणा.

पण 'गोंगाट' दोन्हीकडे चिकटवू नका. इंग्रजीचं भागतं एका 'नॉइज'वर, आपल्याकडे शब्दांची चैन आहे. रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीच्या इंजिनाची असते ती घरघर: सलग, खालच्या पट्टीतली. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात असतो तो गलका. शामक यंत्र घरघरीवर जालीम. गलका, भांड्यांचा खणखणाट, पोराचं किंचाळणं यांवर त्याची मात्रा फारशी चालत नाही, तिथं कान घट्ट बंद होणंच कामाला येतं. पुतण्याला आधी विचारा, घरघर नकोय की गलका? पैसे त्यावर ठरतील.

— त्या रबरी टोकाला काय म्हणता? टोपी, बोंडूक, गुडदी?

— मूळ प्रश्न माझाच, पण याचं उत्तर मला दुकानातच मिळालं. कानात घालून बघितला तर आवाज पत्र्यासारखा, ढोलकी गायबच. परत ठेवणार तोच दुकानदार म्हणाला, "बूच बदलून पळय" (म्हणजे बघ). खोक्यात तीन मापांची होती. मोठं चढवलं, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर-मागे ओढून आत सरकवलं, आणि ढोलकी हजर! फट राहिली की खालचे सूर आधी निसटतात म्हणे. गंमत म्हणजे डाव्या कानाला मधलंच माप बसलं.

— 'बूच' झकास! हा शब्द पोर्तुगीज 'बुशा'वरून आलेला. आज ते 'श' म्हणतात, पण सोळाव्या शतकात तिथं 'च' होता, तोच आपण धरून ठेवला. 'चावी'चंही तसंच, तिकडे आता 'शाव' झालंय. गोव्याच्या दुकानदाराला तो शब्द आधी सुचावा यात नवल नाही.

— पुण्याकडे 'बूच मारणं' म्हणजे फसवणं हो. जाहिरातीत 'उत्तम बुचांचा इअरफोन' छापाल तर खपायचा नाही.

— छापायचंय कुणाला? घरात चाललंय मजेत. गोव्यात मोटारसायकल-टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात. कालच सासूबाई पुतण्याला ओरडल्या, "पायलटामागे बसताना तरी ती बुचं काढ रे, हॉर्न ऐकू येऊ दे!"