सीसी (बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज) काठोकाठ भरलीय, त्यात १४ लाखांचं ईआरपी (सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्यावं का?

साकीनाका_गाळा:
पत्र्याची पॅनेल आणि कॅबिनेट बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड. उलाढाल ९ कोटी, उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे. सीसी मर्यादा दीड कोटी, वापर कायम १४५ लाखांच्या वर. वसुलीला सरासरी ९५ दिवस लागतात. यंदा खातं दोनदा एसएमए-१ मध्ये (३० दिवसांहून जास्त मर्यादेबाहेर राहिलेल्या खात्यांचा बँकेचा धोक्याचा गट) गेलं. सॉफ्टवेअरवाल्याचं कोटेशन १४ लाखांचं, शिवाय वार्षिक देखभाल १८ टक्के. सध्या टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आहे, बाकी कारभार वह्यांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. पैसे आधी कुठे घालावेत?

डीपी_बघणारा:
आत्ता ईआरपी नको. १४ लाख सीसीतून काढलेत तर खेळतं भांडवल अडकेल आणि त्याला तारण म्हणून बँक काहीच धरणार नाही. देखभालीचे २.५२ लाख दरवर्षी द्यायचेच, मग ऑर्डर असो वा नसो.

वसुलीचा हिशेब बघा. ९ कोटींवर २० दिवस कमी झाले तर साधारण ४९ लाख मोकळे होतात (जीएसटी धरलेला नाही). ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५.४ लाख वाचतं. हे काम टॅलीतच होतं: ग्राहकाचं खातं 'बिल-वाईज' करा आणि आलेली प्रत्येक रक्कम त्या-त्या बिलासमोर टाका. बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो. लेखनिक पैसे 'ऑन अकाउंट' टाकतो, मग वयवार यादीत (कोणतं बिल किती दिवस बाकी आहे ती यादी) चुकती झालेली बिलंही थकीत दिसतात आणि खरी थकीत बिलं त्यांच्याआड दडतात.

आता कोणी सांगत नाही ते. आकडे स्वच्छ झाले की आधी वाईट बातमी बाहेर येते. समजा माल ७० लाख, येणी २३४ लाख, त्यातली ८० लाख ९० दिवसांपुढची, देणी ६० लाख. जुनी येणी बँक धरत नाही. ७० + १५४ − ६० = १६४, त्यातून २५ टक्के मार्जिन (तुमचा स्वतःचा वाटा) वजा केलं की डीपी, म्हणजे बँकेतून प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, १२३ लाख. वापर १४६, म्हणजे २३ लाख जादा. हे ९० दिवस सलग राहिलं तर खातं एनपीए (बुडीत कर्ज). स्टॉक स्टेटमेंट (बँकेला दिलेली माल आणि येण्यांची यादी) आणि जीएसटी रिटर्न यांचा मेळ बँक घालतेच. आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (प्रत्येक बदलाची आपोआप नोंद) सक्तीचा आहे, त्यामुळे मागच्या तारखेची नोंद ऑडिटरला दिसते. म्हणून यादी नीट झाली की बँकेकडे स्वतः जा, वसुलीचं वेळापत्रक हातात घेऊन. तिने विचारेपर्यंत थांबू नका.

बिल_डिस्काउंट:
वरचं बरोबर, पण त्या येण्यांचे पैसे लवकर यायला ट्रेड्स आहे: ग्राहकाने मान्य केलेली बिलं बँका बोली लावून विकत घेतात ते ऑनलाइन मंच. आरएक्सआयएल, एम१एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट या मंचांपैकी तुमचा ग्राहक कुठे आहे ते आधी विचारा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत नोंदणी सक्तीची होती. पण नोंदणी असली म्हणजे तुमचं बिल ते मान्य करतीलच असं नाही. त्यांच्या स्टोअरची माल मिळाल्याची नोंद अडली की बिलही अडतं. वजन किंवा नगात एकाचा फरक असला तरी. डिलिव्हरी चलनाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी स्कॅन करून पाठवा. बिल मान्य झालं, बोली लागली की पैसे येतात, आणि नंतर ग्राहकाने बुडवलं तरी ते तुमच्याकडून वसूल होत नाहीत.

एकच सांभाळा. येणी सीसीला तारण असतात. ट्रेड्सवर विकलेलं बिल स्टॉक स्टेटमेंटमधून काढा आणि बँकेची ना-हरकत घ्या, नाहीतर एकाच बिलावर दोनदा पैसे उचलल्यासारखं होतं.

मोठे ग्राहक टाळत असतील तर बिलावर उद्यम क्रमांक छापा. लेखी करार असला तरी मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसला तर १५. त्यापुढे गेलं की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय ग्राहकाला आयकरात तो खर्च धरता येत नाही. हे २०२३-२४ पासून लागू आहे. मार्चमध्ये त्यांचे लेखनिक आपणहून फोन करतात ते उगाच नाही.

पत्राकापू:
तुम्ही दोघं ऑफिसातच अडकलात, शॉपफ्लोरवरचा पैसा कोण मोजणार? १२५० × २५०० चा १.२ मिमी पत्रा २९.४ किलोचा. भंगार २२ टक्क्यांवरून १६ वर आणलं तर पत्र्यामागे पावणेदोन किलो वाचतं. महिन्याला ४०० पत्रे म्हणजे ७०० किलो. पत्रा-भंगार दरात ३० रुपये फरक धरला तर २१ हजार. त्यासाठी नेस्टिंग सॉफ्टवेअर (पत्र्यावर तुकडे कमी वाया जातील असे मांडणारं) आणि काट्यावरची नोंद पुरे, ईआरपी कशाला? फक्त उरलेल्या तुकड्यांवर जाडी आणि माप मार्करने लिहा, नाहीतर नवा पत्रा कापला जातो.

साकीनाका_गाळा:
पावडर कोटिंगला वसईला माल जातो, त्याचाही हिशेब वहीतच आहे. तो कसा ठेवावा?

डीपी_बघणारा:
गुगल शीट पुरे. रकाने: चलन क्रमांक, तारीख, नग, वजन, परत आलेले नग, शिल्लक. एक वर्षाच्या आत माल परत आला नाही तर तो विकला असं धरून जीएसटी लागतो. ३०० दिवस उलटलेली ओळ लाल होईल असं लावून घ्या आणि दर सोमवारी त्या ओळींचाच फोन करा. उलाढाल ५ कोटींवर असल्याने आयटीसी-०४ (बाहेर कामाला पाठवलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म) सहामाही भरावा लागेल, तोही याच शीटवरून निघेल.