सल्ला हवा: माहितीपट तयार आहे, लोकांपर्यंत कुठल्या वाटेने न्यावा?

होडीकार
मंडळी, लाकडी होड्या हाताने बांधणाऱ्या कारागिरांवरचा माझा ७१ मिनिटांचा माहितीपट पूर्ण झालाय. मित्र म्हणतात, सरळ यूट्यूबवर टाक. पण ज्यांच्यावर तो आहे ते बहुतेक सत्तरीच्या पुढचे. ते टीव्ही बघतात, नाहीतर चार जण जमून बघतात. ही कला शिकू पाहणारी मुलं मात्र फोनवरच भेटणार. महोत्सव, सिनेमागृह, टीव्ही, डीव्हीडी, इंटरनेट यांत आधी काय आणि नंतर काय? पैसे मिळाले तर आनंदच, पण तो योग्य माणसांनी बघावा ही खरी इच्छा.

पडद्यामागे
यूट्यूबवर आत्ता टाकू नका, ही कळकळीची विनंती. नेटवर आधीच खुला झालेला चित्रपट बरेच महोत्सव घेत नाहीत आणि टीव्हीवाल्यांनाही पहिल्या प्रक्षेपणाचा मान हवा असतो. महोत्सव, मग सिनेमागृह, मग टीव्ही किंवा सशुल्क स्ट्रीमिंग आणि शेवटी मोफत, हा क्रम जुना असला तरी त्यामागे कारण आहे: मोफत केलेली गोष्ट पुन्हा विकता येत नाही.

हक्क एकगठ्ठा देऊ नका. माध्यम, प्रदेश, भाषा, मुदत हे सगळं वेगवेगळं विकता येतं. करारात ‘सर्व माध्यमे, सर्व प्रदेश, कायमस्वरूपी’ असं दिसलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. वितरक बहुधा आपला खर्च उत्पन्नातून आधी वळता करून घेतो, म्हणून त्या खर्चाची कमाल मर्यादा लिहून घ्या. ती नसेल तर चित्रपट चालूनही तुमच्या हाती काही लागत नाही. ग्रंथालयं, संग्रहालयं, विद्यापीठं यांना सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना वेगळा देता येतो. तुमच्या विषयाला हीच वाट सगळ्यात जवळची वाटते.

खुलं_आकाश
क्रम पटतो, पण त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. कारागीर सत्तरीच्या पुढचे आहेत ना? मग त्यांना थांबायला लावू नका. त्यांच्या वस्तीत पडदा लावून आधी त्यांनाच दाखवा. अशा खाजगी खेळाने प्रीमियर, म्हणजे पहिल्या खेळाचा मान, मोडतो का, हे त्या-त्या महोत्सवाला पत्र लिहून विचारा. नियम सगळीकडे सारखे नसतात. एखादा महोत्सव नाही म्हणाला तर तो सोडा, माणसं सोडू नका.

लहरी
तांत्रिक बाजू थोडी सांगतो. रेडिओ-टीव्हीच्या मनोऱ्यावरून दहा जणांनी ऐकलं काय किंवा दहा लाखांनी, खर्च तोच. नेटवर प्रत्येक प्रेक्षकाला वेगळी प्रत जाते, म्हणून प्रेक्षक वाढले की खर्चही वाढतो. त्यामुळे स्वतःच्या सर्व्हरवर मोठी फाईल ठेवू नका. चांगल्या व्हिडिओ सेवा एकाच चित्रपटाच्या कमी-जास्त दर्जाच्या आवृत्त्या करून त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात आणि प्रेक्षकाच्या नेटचा वेग बघून हवा तो तुकडा पाठवतात. नेट मंद असलं तर चित्र धूसर होतं, पण सहसा थांबत नाही.

मुलाखतींचं न वापरलेलं ध्वनिमुद्रण भरपूर असेल. त्याचं पॉडकास्ट करा. पॉडकास्ट आरएसएस फीडवर, म्हणजे नवे भाग ॲपपर्यंत आपोआप पोचवणाऱ्या यादीवर चालतं आणि ती पद्धत कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. फीडचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर (वेबसाइटच्या नावावर) ठेवलात तर होस्ट, म्हणजे फाईली ठेवणारी सेवा, बदलला तरी श्रोते तुटत नाहीत. चित्रपट महोत्सवांत फिरत असतानाच तरुण मुलं इथे जमायला लागतील. त्यांचे ईमेलही घेऊन ठेवा. यूट्यूबवरचे सबस्क्रायबर तुम्हाला दुसरीकडे नेता येत नाहीत, ईमेलची यादी नेता येते.

होडीकार
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी कारागिरांसाठी खेळ, त्याआधी महोत्सवांना पत्रं, सोबत पॉडकास्ट, असं ठरवतोय. दोन शंका. टीव्हीसाठी ७१ मिनिटं चालतील का? आणि सिनेमागृहाला पेन ड्राइव्हवर साधी व्हिडिओ फाईल दिली तर?

पडद्यामागे
टीव्हीवर तासाभराच्या जागेसाठी बऱ्याच वाहिन्या साधारण ५२ मिनिटं मागतात. ती आवृत्ती आत्ताच कापून ठेवा, संकलक हाताशी आहे तोवर. सबटायटल चित्रात भाजू नका, वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, म्हणजे दुसरी भाषा जोडणं सोपं जातं.

सिनेमागृहाला डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) लागते, म्हणजे तिथल्या यंत्रासाठी बनवलेला चित्र-आवाजाच्या फाईलींचा संच. २के दर्जाची असेल तर फ्लॅट, म्हणजे कमी रुंद चौकटीसाठी १९९८×१०८० पिक्सेल आणि स्कोप, म्हणजे जास्त रुंद चौकटीसाठी २०४८×८५८. वेग सेकंदाला २४ फ्रेम ठेवा. २५ फ्रेमने चित्रीकरण केलं असेल तर रूपांतरात आवाजाचा सूर बदलत नाही ना, ते ऐकून बघा. कुलूपबंद (एन्क्रिप्ट केलेल्या) डीसीपीला सिनेमागृहातल्या प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी डिजिटल किल्ली काढावी लागते. छोट्या खेळांसाठी ती भानगड नको, बिनकुलपाची द्या. आणि खेळाच्या आदल्या दिवशी त्याच पडद्यावर पहिली दहा मिनिटं चालवून बघा, आवाजासकट.

खुलं_आकाश
डीव्हीडीबद्दल कुणी बोललं नाही. ज्या घरांत अजून प्लेअर आहे त्यांच्यासाठी थोड्या प्रती काढाच. आणि प्रत्येक कारागिराच्या घरी एक प्रत द्या, प्लेअर असो वा नसो.