जिल्ह्यातील समाजांचा नकाशा मुलांकडून कसा करून घ्यावा?

भूगोल_शिक्षिका : नमस्कार. मी अलिबाग तालुक्यातील एका शाळेत सातवीला शिकवते. रायगड जिल्ह्यात कोणते समाज कोठे राहतात, हे मुलांनी स्वतः शोधावे अशी इच्छा आहे. किनाऱ्यावर कोळी, खाडीलगत आगरी, डोंगरात ठाकर व कातकरी अशी तयार वाटणी फळ्यावर लिहिली की मुले ती पाठ करतात आणि शोध तेथेच संपतो. शिवाय या उपक्रमाला वर्गात जातीची नोंद घेण्याचे स्वरूप येऊ नये. सुरुवात कशी करावी?

निवृत्त_केंद्रप्रमुख : ताई, मुलांना ‘तुम्ही कोणत्या समाजाचे’ असे विचारूच नका, वस्त्यांच्या नावांपासून सुरुवात करा. कोळीवाडा, कातकरवाडी, ठाकूरवाडी ही नावे मुलांनी तालुक्याच्या नकाशावर शोधावीत आणि प्रत्येक वस्ती पाणी, रस्ता व शेतजमीन यांपासून किती अंतरावर आहे ते मोजावे. कातकरवाडी बहुधा गावाबाहेर, पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर का असते, हा प्रश्न मग मुलेच विचारतात. (मोठी माणसे तो टाळतात, हा भाग वेगळा.)

वाडीवरचा_कार्यकर्ता : सरांची सूचना योग्य आहे, परंतु एकच नकाशा पुरणार नाही. पूर्वी खैरापासून काथ काढणारे कातकरी आज मोठ्या प्रमाणावर मजुरीवर जगतात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. माघात वाडीवर गेलेल्या मुलांना कुलपे आणि म्हातारी माणसेच दिसतील. म्हणून एक नकाशा भाद्रपदात व दुसरा माघात करावा. स्थलांतराचा पहिला पुरावा तर शाळेच्या हजेरीपटातच असतो. अर्थात तो कोणाचेही नाव न घेता, केवळ महिनावार संख्येच्या रूपाने मुलांपुढे ठेवावा.

भूगोल_शिक्षिका : दोन ऋतूंचे नकाशे करण्याची कल्पना पटली. पण जे समाज आता येथे फारसे उरलेले नाहीत, त्यांचे काय करावे?

चौलकर : त्यांच्यासाठी तिसरा, काळाचा नकाशा करा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील ज्यू, 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, तरी अलिबागेतील इस्रायल आळी व सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आणि नवगावची जुनी दफनभूमी मुलांना चालत जाऊन पाहता येते. घरी मराठी बोलणाऱ्या या समाजाला परके समजण्याची चूक त्यामुळे होणार नाही. याउलट कोर्लईतील ख्रिस्ती वस्ती आजही नांदती आहे. 1740 मध्ये पोर्तुगीज या भागातून गेले, परंतु पोर्तुगीज भाषेवर आधारलेली या वस्तीची बोली टिकून राहिली. तेथे जाण्यापूर्वी गावातील जाणत्यांची परवानगी घ्यावी, ध्वनिमुद्रण विचारूनच करावे आणि तयार झालेला नकाशा प्रथम त्याच वस्तीला दाखवून दुरुस्त करून घ्यावा.