हार्ट अटॅक आणि कॅथलॅब (हृदयाची अडलेली रक्तवाहिनी उघडण्याची सोय) अडीच तासांवर: आधी कुठे न्यायचं?

प्रश्न: तालुक्याच्या गावातून थेट शहर गाठावं का? तोवर जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) द्यावी का?

उत्तर १: १०८ ला फोन लावा. रुग्णाला चालवू नका, जिना तर नकोच. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिग्रॅ चावून खायला द्या. कोटिंगची गोळी अख्खी गिळली की परिणाम लांबतो.

उत्तर २: सॉर्बिट्रेट स्वतःहून नको! हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका असेल तर बीपी धाडकन कोसळतो. २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतली असेल तरी तेच. लाजेपोटी हे कुणी सांगत नाही, म्हणून विचाराच.

उत्तर ३: थेट शहर नको. ईसीजी असलेलं जवळचं रुग्णालय गाठा. १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. ईसीजीच्या आलेखातला एसटी नावाचा भाग उंचावलेला आहे, त्रास १२ तासांच्या आतला आहे आणि अँजिओप्लास्टी (अडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) १२० मिनिटांत शक्य नाही, तर तिथेच टेनेक्टेप्लेस (रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) द्यावं: वजनानुसार ३० ते ५० मिग्रॅ, शिरेतून एकदाच. पंचाहत्तरीपुढे निम्मा डोस. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर अजिबात नाही. इंजेक्शननंतर लगेच कॅथलॅबकडे निघा. ६० ते ९० मिनिटांनी एसटीचा उंचावा निम्म्यानेही उतरला नाही, तर तातडीने अँजिओप्लास्टी लागते. ती वेळ प्रवासात गेलेली बरी.