प्रति: मॉर्फिनची सवय लागते का?

वर कुणीतरी लिहिलंय की कॅन्सरचं दुखणं अगदीच सहन होईना झालं की मगच मॉर्फिन घ्यावं, नाहीतर सवय लागते. प्लीज असं करू नका. कॅन्सरच्या सततच्या दुखण्यात गोळी घड्याळ बघून घ्यायची असते, साधी (म्हणजे लगेच असर करणारी) मॉर्फिन साधारण दर ४ तासांनी, कारण तिचा असर तेवढाच टिकतो आणि दुखणं एकदा चढलं की उतरवायला जड जातं. मधेच कळ आली तर जादा डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा.

आणि दुखण्याच्या नोंदींची वही पेशंटलाच ठेवू द्या, ० ते १० मध्ये (० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे असह्य) आत्ता किती दुखतंय, कुठे, गोळीनंतर तासाभरात किती उतरलं. माझी आत्या ओपीडीत कायम "बरंय" म्हणायची, वही दाखवल्यावर डोस बदलला आणि ती रात्री झोपायला लागली!

पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून विचारून घ्या, मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतंच आणि त्यालाच कंटाळून लोक गोळ्या सोडतात. गोळी मनाने अचानक बंद करू नका, फारच गुंगी आली किंवा श्वास मंद वाटला तर लगेच हॉस्पिटल गाठा.